नळाचं पाणी की बाटलीचं? आधी टाकीचं झाकण उघडा

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: नळाचंच पाणी प्यायचं की जार लावायचा? मग कुणी आपल्या फिल्टरचं नाव सांगतं, कुणी जारवाल्याचा नंबर टाकतं, आणि चर्चा तिथेच संपते. पाणी नेमकं कुठे बिघडतंय, हे मात्र कुणी विचारत नाही. ते कळल्याशिवाय घेतलेला कुठलाही निर्णय अंदाजपंचेच असतो. कधी त्यात दरमहा हजारो रुपये जातात, कधी घरात कावीळ येते.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. महापालिकेचं शुद्ध केलेलं पाणी येत असेल, तर रोजच्या पिण्यासाठी बाटली किंवा जार लावण्याची गरज बहुतेक घरांना नाही. गरज असते ती धरण ते पेला या वाटेतला कच्चा दुवा शोधून तो दुरुस्त करण्याची. बोअर, टँकर आणि खारपाणपट्टा यांची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडेही येऊ.

पाणी कुठून येतं, ते आधी लिहून काढा

मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं: भातसा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, विहार आणि तुळशी. त्यातलं बहुतेक पाणी भांडुप आणि पांजरापूर इथे शुद्ध होतं. पुण्याला खडकवासला साखळीतल्या धरणांचं, नाशिकला गंगापूर धरणाचं, छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचं, नागपूरला पेंच आणि कन्हानचं पाणी मिळतं. गोव्यात ओपा, साळावली, अस्नोडा इथले प्रकल्प आहेत. अशा केंद्रांत पाण्यात तुरटी घालून गाळ बसवतात, मग ते वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात.

आता आपल्या घराचं बघा. नळाला येणारं सगळं पाणी पालिकेचंच आहे का? शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत पालिकेचं थोडं, बोअरचं थोडं आणि टँकरचं उरलेलं असं तिन्ही एकाच टाकीत पडतं. सेक्रेटरींना थेट विचारा: रोज किती टँकर येतात, ते कुठे भरतात, बोअरचं पाणी पिण्याच्या टाकीत सोडलं जातं का? उत्तर "कधीकधी" असं आलं, तर तुमचं पाणी मिश्र आहे असंच धरून चाला.

गावात असाल तर ग्रामपंचायतीला कोणतं कार्ड मिळालंय ते विचारा. आपल्याकडे पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. लाल कार्ड असेल तर गावाच्या पाण्यातून साथ येण्याचा धोका मोठा. पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर संपली आहे का, हे गावाच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकाला विचारण्यात संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे.

चोवीस तास पाणी नसण्याचा खरा तोटा

आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. या गैरसोयीची आपल्याला सवय झाली आहे, पण तिचा आरोग्याशी थेट संबंध आहे. पाणी चालू असताना जलवाहिनीत दाब असतो, त्यामुळे एखाद्या सांध्याला भेग असली तरी पाणी बाहेर झिरपतं. पाणी बंद झालं की दाब जातो. मग बाहेरचं पाणी त्याच भेगेतून आत ओढलं जातं, आणि शेजारून गटार वाहत असेल तर गटाराचंही. पुढच्या वेळी चावीवाल्याने व्हॉल्व्ह उघडला की सगळ्यांत आधी तेच पाणी तुमच्याकडे येतं.

म्हणून एक नियम आजपासूनच पाळा. थेट लाइनचं पाणी भरत असाल तर पहिली काही मिनिटं येणारं पाणी पिण्याच्या भांड्यात घेऊ नका. ते झाडांना किंवा धुण्याला वापरा. पाणीकपात किंवा जलवाहिनीचं दुरुस्तीकाम झाल्यावर पुढचे दोन-तीन दिवस पाणी उकळूनच प्या. पाण्याला गटाराचा वास आला किंवा ते काळपट दिसलं, तर फिल्टरवर भिस्त ठेवू नका, लगेच तक्रार करा. मुंबईत त्यासाठी १९१६ हा क्रमांक आहे. शेजारच्या इमारतींनाही विचारा, कारण एकाच लाइनवरच्या चार घरांनी तक्रार केली की गळती सापडायला मदत होते.

दोन नमुने घ्या

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. एक नमुना पालिकेच्या थेट लाइनवरून घ्या, म्हणजे मीटरजवळच्या किंवा खालच्या टाकीत पडणाऱ्या नळाचा. दुसरा स्वयंपाकघरातल्या नळाचा. दोन्ही एकाच दिवशी तपासायला द्या.

दोन्ही चांगले निघाले तर काळजी मिटली. थेट लाइनचा चांगला आणि स्वयंपाकघराचा खराब निघाला, तर दोष इमारतीच्या टाकीत किंवा पाइपात आहे आणि तो सोसायटीने दूर करायचा आहे. दोन्ही खराब असतील तर दोष बाहेरचा. मग पालिकेकडे लेखी तक्रार करायची आणि तोवर पाणी उकळायचं.

तपासणी जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत करून मिळते. पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे. जीवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, घरातली धुतलेली बाटली चालत नाही. त्या बाटलीत थोडं औषध आधीच घातलेलं असतं, ते घाण समजून विसळून टाकू नका. पाण्यातला क्लोरीन वाटेत जंतू मारत राहू नये, म्हणून ते असतं. नळाला जाळी असेल तर काढा, तोटी आतून-बाहेरून पुसा, धातूची असेल तर ज्योतीने शेकून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या आणि मग बोट न लावता बाटली भरा. ती थंड जागी ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. बुचाला आतून हात लागला तर अहवालात तुमच्या हाताचे जंतू दिसतील.

अहवाल भारतीय मानक १०५०० शी ताडून बघा. विष्ठेतून येणारा ई. कोलाय हा जीवाणू १०० मिलिलिटरमध्ये एकही असता कामा नये. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत हवं, त्यात सवलत नाही. फ्लोराइड १ पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ५०० पर्यंत चांगला आणि पर्याय नसेल तेव्हा २००० पर्यंत चालवून घेतात. शिल्लक क्लोरीन किमान ०.२ हवा.

हा शेवटचा आकडा घरीही तपासता येतो. क्लोरोस्कोप किंवा ओटी टेस्टचं किट आणा, नळीत पाणी घेऊन थेंब टाका. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी तसंच राहिलं तर नाही. तपासलेलं पाणी ओतून द्या, पिऊ नका. नळाच्या पाण्याला येणारा औषधाचा हलका वास अनेकांना नकोसा वाटतो, पण त्या वासाचा अर्थ पाण्याला अजून संरक्षण आहे असा होतो. पाणी भरून झाकून काही तास ठेवलं की वास बराच कमी होतो.

इमारतीची टाकी

पालिकेची जबाबदारी साधारण मीटरपाशी संपते. त्यापुढची जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी आणि खाली येणारे पाइप सोसायटीचे. माझ्या मते शहरातल्या घरांचा कच्चा दुवा बहुतेक वेळा इथेच असतो.

खालच्या टाकीपाशी स्वतः जाऊन उभे राहा. झाकण आजूबाजूच्या फरशीच्या पातळीतच असेल, तर पार्किंग धुतलेलं आणि पावसाचं पाणी आत जाणारच. झाकणाभोवती किमान वीतभर उंच कठडा बांधून घ्या. गटार किंवा सेप्टिक टँक किती जवळ आहे ते बघा. मग रात्री ही परीक्षा करा: पालिकेचं पाणी बंद असताना पंपही बंद ठेवा, टाकीतल्या पातळीची खूण करा आणि सकाळी पुन्हा मोजा. पातळी वाढली असेल तर बाहेरून पाणी आत झिरपतंय. ते कुठलं असेल हे वेगळं सांगायला नको. अशा टाकीतलं पाणी त्याच दिवसापासून उकळल्याशिवाय पिऊ नका. पातळी घटली असेल तर टाकी गळते आहे. ज्या भेगेतून पाणी बाहेर जातं, तिच्यातूनच पावसाळ्यात ते आत येतं.

गच्चीवर झाकण फुटलेलं नाही ना, त्याला कडी आहे ना, ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपला जाळी आहे ना, ते पाहा. कबुतरांची विष्ठा, पाली आणि डास यांना तिथूनच वाट मिळते.

दर सहा महिन्यांनी टाक्या धुवून घ्या, त्यातली एक वेळ पावसाळ्यानंतरची ठेवा. धुणं म्हणजे नुसतं पाणी काढून पुन्हा भरणं नव्हे. तळाचा गाळ उपसला पाहिजे, भिंती घासल्या पाहिजेत, क्लोरीनच्या पाण्याने धुवून ते पाणी काढून टाकलं पाहिजे. बंद टाकीत उतरणाऱ्या माणसासाठी हवा खेळती ठेवा आणि झाकणापाशी दुसरा माणूस उभा ठेवा. क्लोरीनच्या वाफेने गुदमरायला वेळ लागत नाही. काम झाल्यावर टाकीवर तारीख रंगवा.

टीडीएस मीटर आणि दारात येणारा विक्रेता

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. पन्नास टीडीएसच्या पाण्यात काविळीचे विषाणू असू शकतात, आणि चारशे टीडीएसचं पाणी निर्धोक असू शकतं. मुंबई-पुण्याच्या धरणांच्या पाण्याचा टीडीएस साधारण १०० च्या आसपास असतो. अशा पाण्यावर आरओ, म्हणजे क्षार काढून टाकणारा फिल्टर, लावण्यात अर्थ नाही. साधा घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना अनेकदा तीन लिटर वाया घालवतो, आणि पाण्यात होते तेवढे थोडे क्षारही काढून टाकतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश केंद्राला दिले, ते याच कारणाने.

विक्रेत्याचा एक प्रयोग तुम्ही पाहिला असेल. तो दोन पेल्यांत सळ्यांचं उपकरण बुडवून वीज सुरू करतो. तुमच्या नळाचं पाणी मिनिटभरात तपकिरी होतं, वर गाळ तरंगतो. आरओचा पेला जवळजवळ स्वच्छ राहतो. घरातल्या आजी घाबरतात आणि चेक फाटतो. तो गाळ मुख्यतः लोखंडी सळईचा गंज असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळई झिजते. आरओच्या पाण्यात क्षारच नसल्यामुळे काही होत नाही. त्याच आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि प्रयोग पुन्हा करायला लावा.

घरात कोणता उपाय

अहवाल हातात असेल तर हा निर्णय सोपा आहे.

पाणी पालिकेचं, स्वच्छ, क्लोरीन असलेलं आणि टाकी नीट असेल, तर सुती कापडाने गाळून झाकून ठेवणं पुरतं. मनाला खात्री हवी असेल तर यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा फिल्टर घ्या. पण गढूळ पाण्यात यूव्हीचा किरण जंतूंपर्यंत पोहोचत नाही आणि वीज गेली की तो थांबतो. विजेशिवाय चालणारा, बारीक छिद्रांच्या पडद्याचा यूएफ फिल्टर जीवाणू अडवतो, विषाणूंबाबत त्याच्यावर पूर्ण विसंबू नका. कॅन्डलच्या फिल्टरचंही तेच.

जंतूंची शंका असेल तर उकळणं सगळ्यांत खात्रीचं. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट तसंच उकळू द्या. नुसते बुडबुडे दिसले की गॅस बंद करू नका. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून गार करा. उकळणं शक्य नसेल तर क्लोरीनची गोळी किंवा मेडिक्लोर पाकिटावर दिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या आणि वरचं नितळ पाणी काढून घ्या.

नायट्रेट, फ्लोराइड किंवा क्षार जास्त असतील तर उकळू नका असंच सांगावं लागेल, कारण वाफ उडते आणि क्षार मागे राहून आणखी दाट होतात. अकोला, अमरावती, बुलढाणा भागात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारं लागतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत बोअरमध्ये फ्लोराइड आहे, मुलांच्या दातांवर त्याचे डाग दिसतात. तिथे आरओची खरी गरज आहे, किंवा गावाच्या दुसऱ्या सुरक्षित स्रोताची. कोकणातल्या विहिरींची अडचण बहुधा उलटी असते. क्षार कमीच असतात, पण विहीर उघडी असते आणि पावसात चारही बाजूंनी पाणी आत येतं. तिथे कठडा, झाकण आणि टीसीएल हवं.

जार लावायचाच असेल तर

मला सगळ्यांत जास्त काळजी जारची वाटते, कारण लोक तो बाटलीइतकाच भरवशाचा समजतात. लग्नकार्यात, ऑफिसात, दुकानात येणाऱ्या थंड पाण्याच्या निळ्या-हिरव्या जारला सील नसतं, लेबल नसतं, भरल्याची तारीख नसते. ते बाटलीबंद पाणी नाहीच, ते सुटं पाणी आहे. आरओमधून निघताना पाण्यातला क्लोरीन गेलेला असतो. मग तेच पाणी नीट न धुतलेल्या जारमध्ये भरलं तर जंतूंना अडवणारं काहीच उरत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला. तेव्हा तपासणीत त्या भागातल्या खाजगी आरओ प्रकल्पांचेही काही नमुने दूषित निघाले आणि महापालिकेला त्यांच्यावर कारवाई करावी लागली. अनेक घरं नळावर विश्वास नाही म्हणूनच तिथून पाणी आणत होती.

म्हणून सीलबंद जारच घ्या. बुचावरचं प्लॅस्टिकचं सील तुमच्या समोर फुटलं पाहिजे. लेबलवर कंपनीचं नाव-पत्ता, भरल्याची तारीख, बॅच आणि एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर घालून बघा, परवाना त्याच नावाचा आणि चालू आहे का ते दिसतं. जारला आतून शेवाळाची हिरवट छटा किंवा ओरखडे असतील तर परत करा. डिस्पेन्सरची तोटी आणि आतली टाकी दर जारला धुवा.

बाटलीचं लेबल आणि हिशेब

बाटलीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय यापेक्षा बारीक अक्षरं वाचा. पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर म्हणजे शुद्ध केलेलं पाणी, ते बोअरचंही असू शकतं. त्याचं मानक १४५४३. नॅचरल मिनरल वॉटर म्हणजे नैसर्गिक स्रोताचं पाणी, त्याचं मानक १३४२८. आपण सगळ्याच बाटल्यांना मिनरल वॉटर म्हणतो, पण दुकानातल्या बहुतेक बाटल्या पहिल्या प्रकारच्या असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राची सक्ती काढून टाकली गेली आणि त्यानंतर एफएसएसएआयने बाटलीबंद पाण्याला जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांत घातलं. त्यामुळे परवाना क्रमांक पाहिल्याशिवाय बाटली घेऊ नका. नामांकित ब्रँडच्या नावात एखादं अक्षर बदलून विकल्या जाणाऱ्या बाटल्या एसटी स्टँडवर सर्रास मिळतात. बनावट वाटली तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर कळवा.

आता पैसे. चार माणसांच्या घराला पिण्यापुरतं दिवसाला बारा लिटर धरू. वीस रुपये लिटरने दिवसाला २४० आणि महिन्याला ७२०० रुपये होतात. मुंबईत पालिका इमारतींना घरगुती पाणी हजार लिटरला दहा रुपयांहूनही कमी दरात देते. महिनाभराच्या बाटल्यांच्या पैशांत टाकीचं झाकण, जाळी आणि दोन्ही नमुन्यांची तपासणी होऊन वर पैसे उरावेत.

बाटलीच्या प्लॅस्टिकचाही प्रश्न आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातल्या बाटल्यांमध्ये लिटरमागे सरासरी सुमारे दोन लाख चाळीस हजार प्लॅस्टिकचे कण मोजले, त्यातले बहुतेक अतिसूक्ष्म. उन्हात तापलेल्या गाडीतली किंवा दुकानाबाहेर रचून ठेवलेली बाटली म्हणूनच घेऊ नका.

ज्यांना जास्त जपायचं

गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर जिवावर बेतू शकतं. ही कावीळ मुख्यतः दूषित पाण्यातून पसरते, आणि लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे शेजारी आज कावीळ निघाली तर दूषित पाणी महिनाभरापूर्वीच घराघरांत गेलेलं असू शकतं. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा केमोथेरपी चालू असलेला माणूस असेल, तर अहवाल चांगला असला तरी पावसाळाभर उकळलेलंच पाणी द्या. बाळाच्या वरच्या दुधासाठी बोअरचं पाणी नायट्रेट तपासल्याशिवाय वापरू नका, ते उकळून कमी होत नाही.

भरलेलं पाणी राखणं

सगळं नीट करून शेवटी पेला बुडवून पाणी काढलं तर काही उपयोग नाही. माठ असो की स्टीलची टाकी, तोटी लावलेली घ्या, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते टांगून ठेवा, झाकणावर उपडं नको. भांडं रोज रिकामं करून घासा, कालच्या पाण्यात आजचं ओतू नका. माठ आतून फक्त घासणीने आणि गरम पाण्याने धुवा, साबण त्याच्या भोकांत मुरतो.

बाटली घ्यावी तेव्हा

प्रवासात, पूर आल्यावर, अनोळखी गावच्या हॉटेलात आणि घरच्या लाइनमध्ये गटार मिसळल्याचं कळल्यावर दुरुस्ती होईपर्यंत सीलबंद बाटली खुशाल घ्या, तिथे काटकसर नको. रेल्वेत रेल नीर मिळतं, सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या लिटरच्या बाटलीची किंमत १४ रुपये आहे. त्याहून जास्त मागितले तर १३९ वर तक्रार करा. बूच फिरवताना कडी तुटल्याचा आवाज आला नाही तर ती बाटली परत द्या. पिऊन झाल्यावर बाटली चुरगळून मगच कचऱ्यात टाका, म्हणजे फलाटावरच्या नळाला ती पुन्हा भरली जाणार नाही.